काळा भ

"अर्ध्या तासात मंडळाच्या गळी उतरवतो की नाही बघा," असं जयवंत कारखान्याच्या कँटीनमध्ये सांगून मोकळा झाला होता. बोलायला काय जातंय? जीभ काही पगार मागत नाही.

गोष्ट सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी सालची. शाळेत हा गडी फार काही चमकला नव्हता. पण पिरंगुटच्या कारखान्यात कॉम्प्युटर आला आणि त्याच्यापुढं बसायला कुणी धजेना, तेव्हा साहेबांनी जयवंतला बसवला. तो बसला तो बसलाच. पुढं त्याला पुण्यातलं एक मंडळ सापडलं. तिथली माणसं स्वतः लिहिलेले प्रोग्रॅम फ्लॉपीत घालून एकमेकांना फुकट द्यायची, आणि आतून ते कसे लिहिलेत तेही उघडं करून द्यायची. वाचा, चुका काढा, सुधारा. अट एकच, सुधारलेलं परत सगळ्यांना द्या. जयवंतला हे फार आवडलं. गावात विरजण असंच फिरतं आणि त्यानं कुणाच्या घरचं दही कमी होत नाही.

त्याच्या मनात एक नवीन काम होतं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर मराठी अक्षरं! तेव्हा ती विकत मिळायची, पण किंमत अशी की ऐकूनच माणसानं मुकाट इंग्रजी शिकावं. ती आपण मंडळातर्फे करू, सगळ्यांसाठी, असं त्याचं म्हणणं. एकट्याच्यानं ते जन्मात होणारं नव्हतं, आणि मंडळाच्या चंद्रकलाबाई नव्या कामाला सहजी हो म्हणणाऱ्या नव्हत्या. बाई कॉलेजात गणित शिकवायच्या. "मांडणारे उदंड येतात जयवंतराव, ओढणारा एक नसतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. म्हणून त्यानं सगळ्यांना रविवारी मुळशीतल्या भरे गावी, घरीच बोलावलं. आईच्या हातची पिठलं-भाकरी पोटात गेली की बाई विरघळतील, असा त्याचा बेत.

माशी शिंकली ती शुक्रवारी. माणसं कशाला येतायत, असं आईनं, म्हणजे अनुसयाबाईंनी विचारलं. जयवंत ऐटीत म्हणाला, "नवा प्रकल्प मांडायचाय, आये."

आता मुळशीत राहून हा शब्द असा तोंडातून सांडायचा असतो का? पुण्यात प्रकल्प म्हणजे काहीही असेल. मुळशीत प्रकल्प म्हणजे धरण. साहेब येणार, नकाशा उलगडणार आणि मागनं पाणी येणार. अनुसयाबाईंच्या वडलांची ढवळवाडी अशीच पाण्याखाली गेलेली. त्या पोराला काही बोलल्या नाहीत. शेजारच्या तुळजाबाईंकडं जाऊन बोलल्या, आणि तुळजाबाईंना सांगितलं की दवंडी पिटायची गरज उरत नाही.

रविवारी मंडळाची माणसं एसटीतून उतरली तर अंगणात अख्खं गाव! जयवंतला वाटलं, आपली कीर्ती पसरली. त्यानं छाती काढून भिंतीवर कागद लावले. बारीक चौकटींचे मोठाले कागद. पडद्यावर अक्षर उमटवायचं तर कोणत्या चौकटी काळ्या करायच्या, ते दाखवणारे.

गाव कागदांभोवती गोळा झालं. चौकटी म्हणजे शेतं, हे कुणी कुणाला सांगायला लागलं नाही.

गावातले सगळ्यात वडीलधारे हैबतराव पुढं आले आणि त्यांनी एका कागदावर काठी टेकवली. "ह्यो काळा केल्याला भाग कशाचा?"

"हा भ आहे, आबा."

"भ म्हंजे भरंच न्हवं?"

"व्हय तर. आपल्या गावापासनंच सुरुवात केलीय."

तुळजाबाईंनी तोंडाला पदर लावला. काठी दुसऱ्या कागदावर गेली. "आन् ह्यो?"

"तो घ."

"शेजारचं घोटावडं बी घेतलं," हैबतराव मागं वळून गावाला म्हणाले.

मग जो गलका उठला तो विचारू नका. बदली जमीन कुठं देणार, पाणी कधी सोडणार, देवळाचं काय, सगळे एकदम विचारू लागले. पाहुण्यांनी पळून जाऊ नये म्हणून कुणीतरी त्यांच्या चपला पळवल्या. जयवंत घसा फोडून सांगत होता की धरण नाही, पाणी नाही, नुसती अक्षरं आहेत. हैबतराव असे ऐकणारे नव्हते. त्यांनी उलटतपासणी मांडली. मालक कोण? कुणीच नाही, म्हणजे सगळेच. उद्या तू अर्ध्यात सोडलंस तर? सगळं उघडं लिहिलेलं असेल, दुसरा कुणी पुढं नेईल. आणि एखाद्यानं उचलून स्वतःचं कुंपण घातलं तर?

इथं जयवंत अडकला. चंद्रकलाबाई पुढं होऊन म्हणाल्या, "घालता येणार नाही. तशी अट आपण आधीच लिहून ठेवू." बोलून गेल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की आपण 'आपण' म्हणालो.

हैबतरावांनी काठी खाली टेकवली. "कुणाचं काय जात न्हाई आन् समद्यांना मिळतंय. मग ह्याला प्रकल्प का म्हनतुयास, येड्या?"

जयवंतची नजर दारात उभ्या आईकडं गेली. शुक्रवारपासून ती धड जेवली नव्हती, हे त्याला आत्ता आठवलं. सगळ्या महाराष्ट्राच्या अक्षरांची काळजी करणाऱ्याला घरातल्या माणसाचा चेहरा वाचता आला नव्हता. त्याला स्वतःची लाज वाटली.

अनुसयाबाई कागदाजवळ आल्या. "ह्यात ढवळवाडी लिवता यील का? बा मरस्तवर नाव घ्यायचा. पन लिवल्यालं कुटं न्हाई राह्यलं. मला वाचता न्हाई येत, नुसतं बघायचंय."

"येईल की," चंद्रकलाबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "जयवंतराव, दाखवा लिहून."

जयवंतनं मान खाली घातली. "सहा महिने खपतोय, पण अजून दोनच झालीत, बाई. भ आणि घ."

सहा महिन्यांत दोन अक्षरं! अंगण हसून लोळलं. चंद्रकलाबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पदर खोचला, कोरे कागद मागून घेतले आणि तिथल्या तिथं ढवळवाडीची अक्षरं वाटायला काढली. 'व' त्यांनी स्वतःकडं घेतला, 'ळ' आणि 'ड' मंडळींना दिले, काना-वेलांटीसुद्धा कुणाच्या तरी गळ्यात घातली. उरलं पहिलंच अक्षर. ते कोण घेतंय, असं त्यांनी विचारलं.

"ढ ह्यालाच द्या, बाई," अनुसयाबाई म्हणाल्या. "शाळंत गुर्जी ह्याला रोज त्याच नावानं हाक मारायचे."