जवळजवळ बरोबर

दोन गोष्टी सारख्या आहेत असं कोळी मॅडमना सांगायची सोय नाही. ऑफिसातल्या एकाने आपल्या जुळ्या मुली आणल्या, सगळे "अगदी सारख्या!" म्हणून कौतुक करत होते. मॅडमनी चष्मा चढवून दोघींना नीट न्याहाळलं. "फरक हाय," त्या म्हणाल्या, "पन चालंल."

महापेच्या आमच्या ऑफिसात त्या सगळ्यांत जुन्या. उरणजवळच्या मोऱ्याहून येतात. प्रत्येकाचा प्रोग्राम कागदावर छापून घेतात आणि लाल पेन्सिल घेऊन बसतात. अपूर्णांकांच्या बेरजेपुढे कुणी 'बरोबर इतके' अशी अट घातली की तिथे गोल! "कम्प्यूटरला एक दशांश पुरता लिवता येत नाय गो. आपन एक तृतीयांश लिवताना तीन-तीन-तीन करत थकतो ना? तसाच तो पन थकतो. बरोबर झालं का, विचारू नको. किती जवळ आलं, विचार."

मी नवी होते, नोकरी पक्की व्हायची होती. हे सगळं मला म्हातारपणाचं खूळ वाटायचं. मॅडम भाचीच्या हळदीला सुट्टीवर गेल्या आणि मी त्यांची वाट न बघता माझा प्रोग्राम तळोज्याच्या एका रंगाच्या कारखान्यात पाठवून दिला. पिंपात दर वेळी एक दशांश लिटर रंग सोडायचा, बेरीज बरोबर एक लिटर झाली की थांबायचं.

बेरीज बरोबर एक झालीच नाही. दहाव्या वेळी ती एकाच्या केसभर अलीकडे राहिली, अकराव्या वेळी पलीकडे गेली. यंत्र रंग सोडतच राहिलं. कामगाराने बटण बंद केलं तोवर फरशी पिवळीधमक झाली होती.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. "हे तपासलं कुणी?" आता नोकरी गेली, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

"मी तपासलेला," दारातून आवाज आला. मॅडम सुट्टीवरून नुकत्याच येत होत्या. "माझ्याकडून सुटला."

तळोज्याला माफी मागायलाही त्या आल्या. मालक ओरडत होता आणि मॅडम माझ्या एक पाऊल पुढे उभ्या होत्या. मला स्वतःचीच लाज वाटली.

परतताना रिक्षात मी विचारलं, "मॅडम, खोटं का बोललात?"

त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "माझी पैली चूक झाली तवा मी एकटीच उभी होते. ऑफिसात बाजूला कोन नाय. घरी सांगून कोनाला कलनार? आयेला म्हनले, आज दिवस चांगला गेला. मंग रोज तेच म्हनत गेले. आये गेली, तिला काय बी ठाव नव्हतं."

मला रडू आवरेना. मॅडमनी माझ्या पर्समधून फोन काढून माझ्या हातात दिला.

"तुझ्या आयेला फोन लाव," त्या म्हणाल्या. "काय झालं ते खरं खरं सांग."