शेषरावभाऊंची सकाळची रात्र

मे महिन्यात, अकोल्यात, सकाळी नऊच्या सुमारास आमचे शेजारी शेषरावभाऊ खिडक्यांना चादरी बांधतात आणि गल्लीकडे तोंड करून जाहीर करतात, "चला, अंधार पडला!"

एक नवा दूधवाला हे ऐकून दूध न घालताच परत गेला होता. आम्ही जुने लोक घाबरत नाही. आम्हाला ठाऊक आहे की भाऊंची दुर्बीण चिली देशातल्या एका डोंगरावर आहे, तिकडे आत्ता रात्र आहे आणि भाऊ इथे बनियनवर बसून लॅपटॉपवरून तिला हुकूम सोडत आहेत. दुर्बीण अर्थातच त्यांची नाही. अमरावतीच्या आकाशवेड्यांचं एक मंडळ ती भाड्याने घेतं आणि महिन्यातून एकदा भाऊंना तासभर देतं. पण भाऊ बोलतात असं, की जणू त्यांनीच ती अकोटच्या बाजारातून उचलून तिथे नेऊन ठेवली आहे. "आज आपल्याकडं आभाळ हाय," असं उदास होऊन सांगतात, तेव्हा बाहेर डांबर वितळत असतं.

अकोटला भाऊंचा फोटो स्टुडिओ होता. अर्ध्या तालुक्याचे नवरदेव त्यांनी "हनुवटी खाली, खाली!" करत वाकवले. आता आकाशगंगांची पाळी आहे.

"हे पाहा जी," ते मला समजावतात, "आकाशगंगा म्हंजे उलटा रोडगा. आपला कनकेचा रोडगा गोवरीवर भाजला का बाहेरून जयते अन् अंदर कच्चा रायते. हे मधातून जयते अन् कडेनं कच्ची रायते."

म्हणजे असं, की शटर फार वेळ उघडं ठेवलं तर मधला तेजस्वी गाभा पांढराफटक होतो, आणि लवकर मिटलं तर भोवतीचे फिकट, वळणदार हात दिसतच नाहीत. म्हणून भाऊ आपल्या तासाचे दोन वाटे करतात. गाभ्यासाठी मोजक्या सेकंदांचे छोटे छोटे फोटो, हातांसाठी जास्त वेळाचे लांब. मग सगळे एकमेकांवर रचायचे. किती सेकंद द्यायचे हे ठरवताना त्यांचा चेहरा पंगतीत वरण पुरेल का म्हणून बघणाऱ्या वधूपित्यासारखा होतो.

स्टुडिओत फोटोचा शेवटचा निकाल मात्र भाऊंचा नसे. तो त्यांच्या बायकोचा, सुमनवहिनींचा. बारीक ब्रशने निगेटिव्हवरचे डाग त्याच भरायच्या. "नवरदेवाचं नाक चमकून राहिलं, तेल लावून बसवला का त्याले?" असं म्हणून फोटो भाऊंच्या अंगावर परत फेकायच्या. भाऊ तणतणायचे, आणि पुन्हा प्रिंट काढायचे.

साखरेच्या आजाराने वहिनींची नजर मंदावत गेली. आता मोठं आणि लख्ख उजळ असेल तेवढंच दिसतं. भाऊ अजूनही प्रत्येक फोटो त्यांच्यापुढे धरतात. वहिनी म्हणतात, "चांगला हाय."

बस, तेवढ्याने भाऊंचं जेवण कडू होतं. "चांगला हाय म्हंते! संसारात कधी म्हनली नाई ते!" कौतुकाने असा चवताळणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

परवा त्यांचा तास होता. अमरावतीला मंडळाचं प्रदर्शन तोंडावर आलेलं, त्यात भाऊंची भिंगरीसारखी आकाशगंगा लागायची होती. मी चहा घेऊन अंधारात चाचपडत शिरलो, तर फोनवरून मंडळाचे सर ओरडत होते.

"भाऊ, सगळेच लांब फोटो? गाभ्यासाठी एकही छोटा नाही?"

"नाई घेत."

"अहो, गाभा जळेल! प्रदर्शनात लावता येणार नाही."

"जयू द्या."

"मग नेहमीसारखे घ्या आणि कॉम्प्युटरवर उजळवा ना!"

"उजळवलं का फोटोभर रव्यासारखे दाने दाने येतात जी. दाने कोनते अन् हात कोनते, तिले समजत नाई." भाऊंनी फोन ठेवला.

मी म्हटलं, "कावून भाऊ, आज रोडगा जाळता का?"

"चूप बसा न जी," लॅपटॉपवरची नजर न काढता ते म्हणाले. "हात दिसले पायजेत तिले."

दुपारी भर उन्हात जाऊन त्यांनी दाराएवढा मोठा प्रिंट काढून आणला. वहिनींना ओसरीत उजेडाला बसवलं आणि कागद पुढे धरला. वहिनींनी नाक जवळजवळ कागदाला लावलं. मग त्यांचं बोट उचललं गेलं, एका फिकट हातावर टेकलं, त्याच्या वळणाने गोल फिरलं, थांबलं, दुसऱ्या हातावर गेलं. शेवटी मध्यभागी येऊन त्यांनी कागदावर टिचकी मारली.

"हे काय करून ठेवलं? मधात निसता पांढरा गोया! इतक्या वर्षांचे फोटोग्राफर तुमी, लाज नाई वाटत?"

आता जुंपणार म्हणून मी खुर्ची मागे सरकवली. भाऊंनी कागद भिंतीला टेकवला, स्टूल ओढलं आणि वहिनींच्या अगदी जवळ बसले.

"सांग न," ते हळूच म्हणाले. "आनखीन काय काय चुकलं?"