जन्मदिवस असल्यास

माझा जन्म एक जुलैला झालेला नाही, हे मला वयाच्या एकविसाव्या वर्षी दौलतबाबू पडघान यांनी सांगितलं. भर रस्त्यात, माझी सायकल थांबवून, घरात साप निघाल्याचं सांगावं तशा आवाजात.

शाळेच्या दाखल्यावर तसं आहे, असं मी म्हणालो.

"दाखल्यावर तं अख्ख्या गावाचा जलम एक जुलैचा हाय," ते म्हणाले. "समद्या माया काय एकाच दिशी बाळंत झाल्या? पुरावा हाय काय?"

पुरावा नव्हता. अनसिंगपासून दोन कोसांवरच्या आमच्या गावात पोराचं नाव घालायला बाप शाळेत जायचा. गुरुजी पोराचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावून बघायचे, आणि लागला की एक जुलै लिहून मोकळे व्हायचे. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. दौलतबाबूंना मात्र ते सहन होत नव्हतं.

ते वाशिमला कचेरीबाहेर लिंबाच्या झाडाखाली अर्ज टाइप करून देत. त्यांचं एक टाइपमशीन झाडाखाली होतं आणि दुसरं घरी. घरचं मशीन त्यांनी कुठल्याशा लिलावात घेतलेलं, जुनं, मराठी अक्षरांचं, काळ्या-लाल फितीचं. त्यावर ते अर्ज करत नसत. त्यावर ते वाढदिवसाची कार्डं करत. जुन्या लग्नपत्रिका गोळा करून त्यांच्या कोऱ्या बाजूवर. एका माणसासाठी एक कार्ड, आणि तसं दुसऱ्याला कधीच नाही.

पण कार्डाच्या आधी चौकशी व्हायची. ते माणसाच्या आईला, आई नसली तर आत्याला, ती नसली तर शेजारणीला गाठत. पोरगं झालं तेव्हा शेतात काय उभं होतं, नाल्याला पाणी होतं का, घरात कोणती म्हैस दूध देत होती, त्या आठवड्यात कोण मेलं. मग जुनी पंचांगं काढून हिशेब लावत आणि एका जाड वहीत तारीख चढवत. प्रत्येकाला एक पान.

माझ्या आईला त्यांनी दोन दुपारी बसवलं. तिसऱ्या दुपारी आई वैतागून म्हणाली, "याचा बाप दीक्षेले नागपूरले गेल्ता. तो घरी आला त्याच्या दुसऱ्या दिशी हा झाला. एवढंच मले ठाऊक. आता मले दळू दे."

"झालं की मंग," दौलतबाबू म्हणाले. दीक्षा चौदा ऑक्टोबरला. गर्दीत परतायला दोन दिवस. म्हणून सतरा.

सतरा ऑक्टोबरला कार्ड आलं. ते असं होतं :

'प्रति, श्री. भास्कर, रा. मजकूर. विषय : आपल्या जन्माबद्दल अभिनंदन करणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयी सविनय निवेदन की, आपण आजच्या तारखेस, वडील प्रवासाहून परतून पुरते झोपलेही नसताना, जन्मास आलात. त्याबद्दल गावातर्फे आभारी आहे. आपला विश्वासू. सोबत : आगगाडी एक.'

खाली आगगाडी होती. डबे 'म'चे, चाकं 'ठ'ची, आणि इंजिनातून लाल फितीचे अनुस्वार वर वर जात विरळ होत गेलेले.

मी ते कार्ड परत करायला गेलो. बापाने ट्रंकेत जपलेल्या पत्रकांवर मी वाचायला शिकलो होतो, आणि वाढदिवस ही भरल्या पोटाची चैन आहे असं माझं पक्कं मत होतं. तसं मी त्यांना सुनावलं. जनता उपाशी असताना अनुस्वारांचा धूर काढत बसणं हा गुन्हा आहे, असंही काहीसं बोललो.

दौलतबाबू फीत गुंडाळत होते. "तुह्या पत्रकात तू दर दोन ओळीले जनता लिहून राह्यला," ते म्हणाले. "ते कोन? तिचं नाव काय? तिचा जलम कवाचा? मले भेटव, मी तिचं बी कार्ड करतो."

कार्ड मी परत दिलं नाही. ट्रंकेत, पत्रकांच्या खाली ठेवलं.

आमचं पटत नव्हतं, पण काम चालायचं. आम्हा पाच-सहा पोरांची पत्रकं ते घरच्या मशीनवर सायक्लोस्टाइलसाठी स्टेन्सिल कापून देत, फुकट. फक्त प्रत्येक वाक्याला अडवत. 'हजारो मजूर' असं आलं की हात थांबायचा. "मोजले? पुरावा हाय काय?" शेवटी 'बरेच मजूर' यावर तडजोड व्हायची. त्यांच्यामुळे आमची क्रांती बरीच मवाळ दिसू लागली होती.

आणि दिवाळीच्या पाडव्यापासून संक्रांतीपर्यंत तेही बंद. तेवढे दिवस घरचं मशीन कुणालाच नाही. विचारलं की एकच उत्तर : मशीन मोकळं नाही.

आणीबाणी उठली त्या वर्षीचा हा हिवाळा. मनात तुंबलेलं सगळं आम्ही एकदम छापायला निघालो होतो. त्या हिवाळ्यातलं पहिलं पत्रक कापूस वेचणाऱ्या बायांचं होतं. तान्हं पोर बांधावर ठेवून बाई दिवसभर वेचते. तिला पोर पाजायला सुट्टी हवी, सावली हवी, हक्काचा सुट्टीचा दिवस हवा. पत्रक वेचणी चालू असतानाच निघायला हवं होतं. कापूस घरात गेल्यावर त्याचा काय उपयोग?

मी भांडायला गेलो. दौलतबाबूंनी पत्रक नीट वाचलं. कोणत्या बाईचं आहे, असं विचारलं. सगळ्या बायांचं, असं मी म्हणालो. त्यांनी कागद परत केला.

मग पहिल्यांदाच त्यांनी मला ती जाड वही दाखवली. एक पान उघडलं. वर नाव होतं, सरूबाई. त्यांची बायको. बाकी पान कोरं.

दोघांना मूलबाळ नव्हतं. सरूकाकीचे आईबाप कधीच गेले होते. माहेरचं उरलं होतं ते एकच माणूस, रिठदची म्हातारी मावशी, गोदामाय. दौलतबाबू दर वर्षी तिच्याकडे चकरा मारत, आणि ती दर वर्षी एवढंच सांगे, की सरू वेचणीच्या दिवसांत झाली, कापसाच्या वावरातच झाली. पुढे गप्प. पाडव्यापासून संक्रांतीपर्यंत वेचणी. म्हणून तेवढे दिवस ते रोज एक कार्ड करत.

"रोज?" मी विचारलं.

"सत्तर-ऐंशी होतेत. एवढ्यात एक तं बरोबर लागन."

संक्रांतीलाच का थांबता, असं मी विचारलं. दुसरा दिवस करीचा, अशुभ. करीला कोणी वावरात पाय ठेवत नाही, म्हणून मोजणी तिथे बंद, असं त्यांचं कचेरी थाटाचं उत्तर होतं.

त्यानंतर त्यांनी सौदा सांगितला. "म्या कितीक गेलो, बुढी मले सांगत नाही. तू जा. तारीख आन, पुराव्यासगट. त्याच दिशी मशीन तुही."

मी दुसऱ्याच सकाळी सायकल काढली. रिठद लांब होतं, पण पत्रकासाठी मी याहून लांब गेलेलो होतो. गोदामाय ओट्यावर उन्हात तुरी पाखडत बसली होती. मी कोणाकडून आलो ते कळल्यावर तिने मला आधी चहा दिला, मग माझं लग्न का नाही झालं ते विचारलं, मग माझ्या आईच्या माहेरात तिचं कोण कोण आहे ते शोधून काढलं. मी घाईत आहे हे तिला दिसत होतं. म्हणून ती आणखी सावकाश पाखडू लागली.

शेवटी मी विचारलं, की जावयाला का नाही सांगत?

"जवायाले कसं सांगू?" ती म्हणाली. "करीले झाली ते. करीची पोरगी. कोन करन मंग लगन? आमी दडवून ठेवलं."

मी म्हणालो की करीला तर कुणी वेचायला जात नाही.

म्हातारीने सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. माझी सगळी पत्रकं तिने एका नजरेत वाचली असावीत.

"ज्याचं वावर हाय तो नाही जात, बाप्पा. आमी गेल्तो. माही बहीण दिवसभर भरल्या पोटी वेचत होती. दिस कलला तवा कापसाच्या ढिगावर सरू झाली. सांजीले पोरगी पदरात घेऊन गाठोडं डोक्शावर, अन् घरी. लिव तुह्या कागदावर, काय लिवतं ते."

सायकलवर परत येताना मी हवेत होतो. तारीख होती, पुरावा होता, आणि दौलतबाबू मागत होते ती बाईही होती. करीच्या दिवशीसुद्धा राबणारी, वावरात बाळंत होणारी, नाव असलेली बाई. वाटेतच मी पत्रकाचा पहिला परिच्छेद तोंडपाठ केला. चांगला झाला होता.

घरी सरूकाकी एकटीच होती. दौलतबाबू वाशिमहून यायचे होते. मी दारातूनच सांगून टाकलं. काकी ज्वारी निवडत होती. तिचा हात थांबला नाही.

"मले ठाऊक हाय," ती म्हणाली. "मावशीनं माह्या लगनातच कानात सांगतलं."

मग ती उठली आणि उतरंडीमागून एक पत्र्याचा डबा काढून माझ्यापुढे ठेवला. आत कार्डं होती, वर्षांनुवर्षांची, सुतळीने बांधलेली. काकीला वाचता येत नव्हतं. मी वरचं उचललं.

'प्रति, सौ. सरूबाई, रा. चुलीपुढे. विषय : जन्मदिवस असल्यास अभिनंदन करणेबाबत. महोदया, उपरोक्त विषयी सविनय निवेदन की, आज आपल्याला खोकला कमी होता. आज आपण शेजारच्या शेळीशी बोललात व हसलात, याची नोंद घेतली आहे. आपला विश्वासू. सोबत : शेळी एक.'

दुसऱ्या कार्डात तिने नवी बांगडी भरल्याची नोंद होती. तिसऱ्यात, आपण काल विनाकारण आवाज चढवला त्याबद्दल अर्जदार दिलगीर आहे, असं होतं. मशीनवरचा 'र' थोडा वर उडालेला. एकासारखं दुसरं नव्हतं.

"दिवेलागनीले रोज वाचून दाखोतेत," काकी म्हणाली. "वर्षभर त्यायले दुसऱ्याईच्याच जलमाची पडली राह्यते. हे दोन-अडीच महिने माह्याकडं पाहतेत. कार्डात काय लिवाव म्हून दिवसभर पाहत राह्यतेत. तारीख सांगतली तं एकच कार्ड होईन."

ती पुन्हा ज्वारीकडे वळली. "नको सांगू, भास्कर."

मी तिला तत्त्वाचं सांगायला हवं होतं. खोट्यावर काही उभं राहू नये, असं मी डझनभर पत्रकांत लिहिलेलं होतं. शिवाय माझं मशीन जात होतं, आणि माझा परिच्छेदही. तिच्या आईचं नाव छापलं की करीचा दिवसही छापावा लागणार.

तेवढ्यात दौलतबाबू आले. पिशवी खुंटीला अडकवली, मशीनवरचं फडकं काढलं, त्या दिवसाचं कार्ड रोलरवर चढवलं, आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"काय म्हने बुढी? काही पुरावा?"

काकी सुपातले खडे वेचत होती.

"नाही," मी म्हणालो. "वेचणीच्या दिवसांत झाली, एवढंच म्हणते."

ते मान हलवून टाइप करू लागले. निराश वाटले नाहीत. मी थांबलो असतो तर त्यांनी मलाच विचारलं असतं, की काकीने आज दिवसभर काय केलं.

पत्रक आम्ही हातानेच लिहिलं, कार्बन लावून, पाळीपाळीने. त्यातले 'सगळ्या बाया' हे शब्द मी काढले. नाव मात्र कुणाचंच घालता आलं नाही.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मशीन मोकळं झालं. मी दुसऱ्या एका पत्रकाचा मजकूर घेऊन गेलो. दौलतबाबू मशीनला तेल घालत होते. आतून भाजलेल्या रव्याचा वास येत होता. काकीने दोघांपुढे शिऱ्याच्या बशा ठेवल्या, आणि तिसरी भरून स्वतःही चुलीपाशी खायला बसली.

"पाह्य," दौलतबाबू मला म्हणाले. "सन नाही, वार नाही. दर वर्षी करीले हे बाई शिरा करते. काहून, तं सांगत नाही."

"मशीन मोकळी झाली म्हून," काकी म्हणाली.

दौलतबाबूंनी बशी पुसून खाल्ली. मीही खाल्ली, आणि आणखी थोडा मागून घेतला.