इनासमामा उठवतात

दुरुस्त झालेल्या मोटरचं बटण दाबण्याआधी इनासमामा केस विंचरायचे. शर्टाची वरची गुंडी लावायचे आणि शेडमधल्या सगळ्यांना उभं करायचे. एकदा इडलीच्या ग्राइंडरची मोटर न्यायला आलेले हॉटेलवाले अण्णा बसूनच राहिले. मामा बटणावर बोट ठेवून गप्प. अण्णा उठले, तेव्हा कुठे मोटर फिरली.

पंच्याऐंशीच्या आसपासची गोष्ट. साकीनाक्याच्या त्या शेडमध्ये, सगळ्यांचेच मामा असलेल्या इनासमामांच्या हाताखाली, आम्ही जळालेल्या मोटरी रिवाइंड करायचो. 'जळाली' हा शब्द मामांपुढे चालत नसे. "निजलीय म्हण. उठवायची आहे ना?" मग ते काळी पडलेली तार कापून काढत, आतली खाच नि खाच पुसत आणि नवी तार भरत. त्यापेक्षा नवीच मोटर घेऊ का, असं कुणी विचारलं की मामांना तो अपमान वाटे. "बॉडी तीच पाहिजे. ओळखायची कशी मग तिला?"

आम्ही दोघेही ख्रिस्ती. पण चर्चमधल्या मिस्सेत 'देहाचं पुनरुत्थान', म्हणजे मेलेले शेवटच्या दिवशी देहासकट उठतील, हे मी नुसतं तोंडाने म्हणायचो. मामा डबा खाताना त्यावर असे बोलायचे, जणू ते काम उद्या शेडवरच येणार आहे. मला तिथे बसवत नसे. कारण होतं.

बाबा गोराईला आजारी होते, तेव्हा मी "रविवारी येतो" असा निरोप धाडला होता. त्या रविवारी मुद्दाम ओव्हरटाइम घेतला. आमचं भांडण झालेलं, समोर बसायची हिंमत नव्हती. सोमवारी ते गेले.

दोन वर्षांनी चर्चमधून निरोप आला. आमच्यात जागेची टंचाई. ठरावीक काळाने कबर उघडून अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात, जागा दुसऱ्याला देतात. घरचं माणूस हजर लागतं. मी मामांना म्हटलं, फादरना सांगतो, माझ्याशिवाय उरका. ठरल्या दिवशी सकाळी मामा माझ्या दारात पांढरी चादर घेऊन उभे.

खाडी ओलांडताना होडीत मी चारदा जागा बदलली. कबर उघडली तेव्हा फाटकाकडे पाहत होतो. मामा मात्र खाली बसून एकेक अस्थी पुसत बाबांशी बोलत होते. पोरगा आलाय, म्हणत होते, उशीर झाला त्याला. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "पावलू, डोकं तू घे. ते परक्याने उचलू नये."

मी घेतलं. इतकं हलकं असेल असं वाटलं नव्हतं. काय पुटपुटलो ते सांगत नाही. पण बाबा उठतील, आणि हे तेव्हा तोंडावर पुन्हा सांगता येईल, असं मला आयुष्यात पहिल्यांदा खरंच वाटलं.

कोनाडा बंद झाल्यावर मामा नळावर हात धूत होते.

"मला पोरबाळ नाही," ते म्हणाले. "शेवटच्या दिवशी देव उठवेल, त्याची काळजी नाही. पण त्याआधी हे लोक फावडं घेऊन उठवणार. तेव्हा ओळखीचं कोणी हवं ना रे. तू येशील?"

'येतो' हा शब्द मी एकदा वाया घालवला होता. म्हणून तो बाहेर पडायला वेळ लागला.

"येईन, मामा."

"मग वरचा कोनाडा घेऊ नकोस हां. उठल्यावर उतरायचं म्हणजे माझे गुडघे..."