हातभर चहा

गुणवंतराव काकाजींकडे चहाला जायचं असलं की आमच्या वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेतली माणसं जुनी पँट घालत. माझ्याकडे तर त्यासाठी एक वेगळीच पँट राखून ठेवलेली होती. गुडघ्याखाली तिचा मूळ रंग कोणता, हे शिवणाऱ्या शिंप्यालाही सांगता आलं नसतं.

कारण काकाजी चहा ओतत नसत, ओढत. उजव्या हातातला पेला डोक्याच्या वर, डाव्या हातातला कमरेखाली, आणि मधल्या हातभर अंतरातून धार. वरून खाली, पुन्हा वरून खाली, मोजून सात वेळा. "फेस आला पायजे. फेस नाई तं चहा नाई," म्हणायचे. फेस यायचा, पण फरशीवर. एकदा उंची वाढवावी म्हणून ते स्टुलावर चढले. मे महिना, वर पंखा फुल सोडलेला. धार पंख्याला लागली आणि चारी भिंतींवरच्या देवांना एकाच वेळी चहा मिळाला. "पाह्य, कोनताच देव उपाशी नाई राह्यला," काकाजी म्हणाले. चूक कबूल करणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

ही विद्या त्यांनी मलेशियाहून आणली होती. कापसाच्या जिनिंगमध्ये जन्मभर फिटर असलेला हा माणूस, नागपूरच्या पलीकडे कधी गेला नाही, तो एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास एकदम मलेशियाला गेला, आणि तेही बाळंतपण करायला! मुलगी शोभा तिकडे दिलेली, जावई पामतेलाच्या कारखान्यात. बाळंतपणाला जायचं आईनं. पासपोर्टसाठी काकींचा फोटोही काढून झाला होता. पण पोळ्याच्या आधी चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि काकी गेल्या. मग संक्रांतीच्या सुमारास काकाजी निघाले, स्वतः वळलेले डिंकाचे लाडू घेऊन. विमानतळावरच्या साहेबानं त्यातला एक फोडून पाहायचा प्रयत्न केला आणि नाद सोडला, हे ते अभिमानानं सांगत.

दोन महिन्यांत त्यांनी मलेशिया पाहिला किती? दवाखाना, जावयाची खोली आणि त्या खोलीखालचं एक हाटेल. पत्र्याचं छप्पर, प्लास्टिकची स्टुलं आणि गल्ल्यावर एक धिप्पाड तमीळ बाई. दुपारचं जेवण रोज तिथंच, केळीच्या पानावर. त्यामुळे ते हाटेल म्हणजेच काकाजींचा मलेशिया. "मलेशियात मांजर स्टुलावर बसते." "मलेशियात नारळाच्या दुधात भात शिजवते." "मलेशियात चहा पिशवीत बांधून देते." हा शेवटचा प्रयोग त्यांनी माझ्यावर केला. प्लास्टिकच्या पातळ पिशवीत उकळता चहा भरला, तोंड सुतळीनं बांधलं आणि सायकलच्या हँडलला लटकवून माझ्या ऑफिसात द्यायला निघाले. रेल्वे फाटकापर्यंत चहा आला, पुढे नुसती सुतळी आली. ती त्यांनी इमानदारीनं माझ्या टेबलावर ठेवली.

खरा धोका मात्र पंगतीत असे. "मलेशियात जेवन पसंत पडलं तं पान आपल्याकडं दुमडून मोडाचं. मालकाले समजते," असं ते शेजारच्याला बजावत. केळीच्या पानाला हे ठीक आहे. आमच्याकडे पळसाच्या पत्रावळी, काड्यांनी टोचलेल्या. एका वास्तुशांतीच्या जेवणात सरपंचांनी त्यांच्या आग्रहाखातर पत्रावळ आपल्याकडे मोडली. ती मधोमध तडकली आणि राहिलेलं वरण सरपंचांच्या परीटघडीच्या धोतरात गेलं. "पोचली पसंती!" काकाजी म्हणाले.

स्वतःची फजितीही ते रंगवून सांगत. पहिल्याच दिवशी त्यांनी पान उलटं मोडलं होतं. वर्ध्याचा माणूस, आपलं ताट आपण उचलायचं हे आश्रमाचं वळण अंगात मुरलेलं. उचलताना रस्सा अंगावर येऊ नये म्हणून त्यांनी पान पलीकडे दुमडलं. "तं ते बाई धावतच आली ना बापा! खीर आनली, चहा ओढून देल्ला. उलटं मोडलं का खीर!" इथं आम्ही पोट धरून हसायचो. तेही हसायचे.

पुढे माझ्या बहिणीचं लग्न ठरलं, अल्लीपूरला, आमच्या मूळ गावी. बाबांनी पहिलीच सूचना काढली. "गुणवंतराव पंगतीत नको. व्याही पांढऱ्या सफारीत येऊन राह्यले. त्यायचा डबा घरी पाठवू."

आई म्हणाली, "एकट्या मानसाले लग्नाचा डबा धाडता? त्यापरीस बलावूच नका."

शेवटी तोड निघाली ती अशी, की मी काकाजींच्या शेजारी बसायचं आणि त्यांना मलेशियाचं नावही काढू द्यायचं नाही. मी सांगायला गेलो तेव्हा ते चहा ओढत होते. धार थांबली.

"पंगतीत बसू द्यान ना मले?" त्यांनी एवढंच विचारलं आणि गळ्याला हात लावून शपथ घेतली. मी फार ओशाळलो.

लग्नात ते शेवटच्या पंगतीत, अगदी टोकाला बसले. समोर नेमके व्याही. वांग्याची भाजी झाली, वरण झालं, बुंदी झाली, काकाजी अक्षर बोलले नाहीत. व्याह्यांनीच विषय काढला. "काहो, तुमी मलेशियाले गेलते म्हने?"

मी घाईघाईनं बुंदीवाल्याला हाक मारली.

"गेलतो," काकाजी म्हणाले. "गरम होते तिकडं." आणि पुन्हा बुंदीकडे वळले.

पंगत उठली. काकाजींची पत्रावळ समोर तशीच उघडी होती. मला त्यांची दया आली. म्हटलं, "मोडा आता, काकाजी. कोनी पाहून नाई राह्यलं."

"मी नाई मोडत."

"काऊन? जेवन पसंत नाई पडलं?"

"पसंत पडलं रे. पोट भरते. पन आपल्याकडं मोडाले हात नाई होत. अन् पलीकडं आज मोडाचं नाई, तुमच्या घरचं मंगलकार्य हाय."

"पलीकडं मोडलं तं काय होते?"

"तिकडं मयतीच्या जेवनात पलीकडं मोडते. जावयानं मांगून सांगतलं मले. त्या बाईले वाटलं, माह्या घरचं कोनी गेलं. तिची भाषा मले येत नाई, माही तिले. तिनं नुसतं वर बोट केलं. मंग मी कपायावर बोट टेकवलं, कुंकवाच्या जागी. तिले समजलं."

ते पत्रावळीच्या काड्या चाचपत राहिले.

"तवापर्यंत मी रडलो नोतो, प्रकाश. इथं जो तो म्हने, पोरीकडं पाहा, घट्ट राहा. तिकडं पोरीचे दिवस भरलेले, तिच्यासमोर कसा रडू? त्या स्टुलावर बसून रडलो. ते बाई समोर उभी राहून चहा ओढत होती. सात वेळा ओढला तिनं, मी थांबेपर्यंत."

मग ते उठले आणि उघडी पत्रावळ दोन्ही हातांवर धरून टाकायला गेले. आम्ही इतकी वर्षं ज्या गोष्टीला हसलो ती ही होती. मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सिंदी मेघेला परतलो आणि बहिणीच्या लग्नासाठी शिवलेली कोरी पांढरी पँट घालूनच काकाजींकडे चहाला गेलो. त्यांनी आधी पँटीकडे पाहिलं.

"खराब होईन ना रे."

"होऊ द्या. तुमी ओढा, सात वेळा."

काकाजी दोन्ही पेले घेऊन स्टुलावर चढले. मी उठून पंखा तेवढा बंद केला.