हेर जोतिराम आणि दुधाची बाटली

सोलापूर शहरात गुप्तहेर होण्यास लायक असा एकच इसम असेल, तर तो आपणच, याविषयी जोतिरामाच्या मनात तिळमात्र शंका नव्हती! टॉवेलच्या कारखान्यात घड्या घालणारा हा सरळमार्गी गृहस्थ. परंतु वाचकहो, गेले वर्षभर तो दुहेरी आयुष्य जगत होता.

त्याचे असे झाले. बारा वर्षांपूर्वी लग्न ठरतेवेळी माळशिरसच्या सासऱ्यांनी अट घातली होती, "पोरगी मेंढरांमागं फिरणार न्हाय. शहरात नोकरी करत असशील तर बोल." जोतिरामाने देवाचा भंडारा हाती उचलून मेंढरे सोडल्याची शपथ वाहिली व फुलाबाईशी सुखाने संसार मांडला. तथापि जो मनुष्य कोकरांच्या उबेत वाढला, त्याचे चित्त टॉवेलांच्या घड्यांत कितीसे रमावे? सबब, दर रविवारी "यंत्रांच्या साफसफाईला जातो," असे सांगून तो होटगीस धाकटा भाऊ बिरदेव याच्याकडे जाई आणि दिवसभर मेंढरे राखी.

ही विद्या त्याने 'दोन उंबरठे' या टीव्हीवरील मालिकेतून आत्मसात केली होती. तिच्यातील हेर दोन शहरांत दोन नावांनी नांदे, आणि पूर्वायुष्यात घेतलेला एक निर्णय सावलीसारखा त्याचा पाठलाग करी. जोतिराम ती मालिका शाळेतील पोराप्रमाणे मन लावून पाही. नायकाप्रमाणेच त्याने होटगीत वेगळा सदरा ठेवला, वेगळ्या चपला ठेवल्या, आणि परतताना चंदनाच्या साबणाने अंघोळ करण्याचा नेम धरला. शेजारी बसून फुलाबाई म्हणे, "लई लबाड हाय ह्यो मुडदा! बायकूला येडी समजतोय." त्यावर जोतिराम मनातल्या मनात मिशीला पीळ देई.

पुढे एक मेंढी कोकरू मागे टाकून मेली. जोतिरामाने औषधांच्या दुकानातून तान्ह्या बाळाची दुधाची बाटली विकत आणली व पोटच्या पोराच्या मायेने कोकरास पाजली. मात्र त्या रविवारी या थोर हेराच्या हातून चूक घडली. बाटली डब्याच्या पिशवीतच राहिली!

सायंकाळी तो जेवावयास बसला. फुलाबाईने ताट मांडले. ताटात कडक भाकरी होती, शेंगांची चटणी होती, आणि चटणीच्या शेजारी ती बाटली उभी होती!

"ह्ये काय हाय?" फुलाबाईने शांतपणे विचारले.

मालिकेतील हेर प्रथम सर्व काही नाकारत असे. जोतिराम उत्तरला, "ती? आमच्या साहेबांच्या बाळाची."

"साहेब साठीचं हायत की!"

"म्हंजी... नातवाची."

"परवाच म्हणालासा, साहेबांच्या एकुलत्या पोरीचं लगीन ठरलंय."

जोतिरामाच्या कपाळावर दहिवर साचावे तसा घाम साचला. "अगं फुले, यंत्राला तेल घालायला लई सोपी पडती बाटली!"

फुलाबाईने बाटली नाकाशी नेली. "तेल न्हवं, दूध हाय. यंत्रं दूध पित्यात व्हय तुमची?" डोळ्यांना पदर लावून ती उठली व पिशवीत लुगडी भरू लागली. "कुटं मांडलंय दुसरं घर, त्ये तुमचं तुमाला. सकाळच्या यष्टीनं मी माळशिरसला निघाले."

आता मात्र हेराचा धीर खचला. बारा वर्षांचा संसार एका बाटलीपायी बुडताना पाहून तो हात जोडून उभा राहिला आणि गहिवरून म्हणाला, "फुले, माझं खरं रूप ऐक! मी... मी होटगीला मेंढरं राखतो!"

"त्ये ठावं हाय मला. बाटलीचं बोला!"

"ठावं हाय?"

"वरीस झालं की. बाटली कुणाच्या लेकराची?"

"कोकराची!"

"आन् मला येडी समजता?" फुलाबाई कडाडली. "मेंढक्याची लेक हाय मी! बिनआईचं कोकरू दुसऱ्या मेंढीला लावत्यात. बाटलीनं दूध आमच्या सात पिढ्यांत कुणी पाजलं न्हाय!"

वाचकहो, खरे बोलूनही खोटे ठरावे, याहून मोठी शिक्षा हेरास कोणती!

दुसऱ्या दिवशी जोतिरामाने कारखान्यात रजा कळवली आणि मोठ्या मिनतवारीने पत्नीस होटगीस नेले. लुगड्यांची पिशवी तिच्या काखेतच होती. मेंढरांच्या वाड्यात पाऊल ठेवताच कोकरू "बें" करीत धावले आणि थेट जोतिरामाच्या हातातील बाटलीला झोंबले. फुलाबाई पाहतच राहिली. मग पिशवी खाली ठेवून तिने कपाळावर हात मारला.

"अवं, मान वर धरा त्येची! ठसका लागंल. शहरात ऱ्हाऊन एवडंबी इसरलासा? भावजी, दुभती मेंढी धरा."

"आलो वैनी," बिरदेव म्हणाला. तिने मेंढीची धार काढून, वासाने तिला ते आपलेच वाटावे म्हणून, ते दूध कोकराच्या पाठीवर चोळले. मेंढीने दोनदा लाथ झाडली, तिसऱ्यांदा हुंगले, आणि मग चाटावयास लागली. थोड्या वेळाने कोकरू शेपटी हलवीत लुचू लागले.

परतीच्या बसमध्ये जोतिराम हळूच म्हणाला, "पर भंडाऱ्याची शपथ मोडली की माझ्या हातनं."

"ती अट माझ्या बाची हुती, माझी न्हवं. आठवडाभर तुमी तोंड मिटून असता, रविवारी तेवडं हसत घरी येता. म्हून गप बसले."

हे ऐकून त्याचा ऊर भरून आला. तरी आतील हेर स्वस्थ बसेना. "सदरा बदलला, चपला बदलल्या, चंदनाचा साबण लावला. तरी वळकलंस कसं गं?"

"एक तर यंत्रं पुसून आलेला माणूस चंदनावानी घमघमत न्हाय. आन् दुसरं," फुलाबाई खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "वरीस झालं, कानामागं धुवायचं इसरता तुमी."

जोतिरामाचा हात नकळत कानामागे गेला. बोटांना लोकरीचा एक पांढरा पुंजका लागला. मालिकेतील नायकास कान धुताना एकदाही दाखविले नव्हते. हा दोष मालिकेचाच म्हणावा लागेल!