लिमयेकाकांची मासळी

कोपरीतल्या लिमयेकाकांच्या औषधाच्या दुकानात खोकल्याचे औषध मागणाऱ्याला आधी खोकून दाखवावे लागे. गिऱ्हाईक संकोचाने घसा खाकरू लागले की काका हात वर करत. "हा घशातला. छातीतला ऐकवा." मग डोळे मिटून, मान किंचित कलती करून ते असे ऐकत, की आपण गातो आहोत असा समोरच्याला भास व्हावा. काहींना ते बाटली देत, काहींना मिठाच्या गुळण्या सांगून रिकाम्या हाताने परत पाठवत, आणि काहींना थेट महापालिकेच्या दवाखान्यात. या पद्धतीने दुकान चालते कसे, हा माझ्यापुढचा पहिला शास्त्रीय प्रश्न होता.

ऐंशीचे दशक सरत आले होते. औषधनिर्माणशास्त्राची पदवी घेऊन मी मोठ्या कंपनीच्या प्रयोगशाळेतून बोलावणे येण्याची वाट पाहत होते आणि तोवर काकांकडे काम करत होते. काका साठीचे, अविवाहित, दुकानामागच्याच खोलीत राहणारे. औषध विकले की आपले काम संपले, हे त्यांना मान्यच नव्हते. "बाटलीतलं औषध बाटलीला लागू पडतं, माणसाला नाही," हे त्यांचे आवडते वाक्य. रक्तदाबाची गोळी नेणाऱ्या एका निवृत्त हेडमास्तरांना ते भर रस्त्यात हाक मारून विचारत, "सकाळची पोटात गेली का?" हेडमास्तर पलीकडच्या फुटपाथवरून जाऊ लागले. काकांनी रस्ता ओलांडला.

हिराबाईंचा खोकला मात्र त्यांनी दुसऱ्यांदा ऐकवायला सांगितला नाही. हिराबाई बाजारात मासळी विकत. काका त्यांना त्याच पावली दवाखान्यात घेऊन गेले. क्षय निघाला. उपचार दीर्घ होते, पण खात्रीचे; अट एकच, की गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत. सुरुवातीला हिराबाई बहिणीकडे जाऊन राहिल्या. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर घरी परतल्या, पुन्हा बाजारात बसल्या, आणि बरे वाटते म्हणून गोळ्या सोडून मोकळ्या झाल्या. खरे कारण त्यांनी मला हळूच सांगितले. घरी गोळ्या सुनेच्या नजरेस पडल्या असत्या आणि तिथून बातमी बाजारात पोचली असती. "मंग माज्या हातची मासली कोन घेल?"

औषध अर्धवट सोडले तर जंतू त्याला दाद देईनासे होतात, हे मी त्यांना मुद्देसूद समजावले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि मला ताजे बोंबील हवेत का, असे विचारले.

दुसऱ्या दिवसापासून काका मासळीबाजारात जाऊ लागले.

लिमयेकाकांनी आयुष्यात मासा खाल्ला नव्हता. नोटेच्या घडीत गोळ्या ठेवून ते हिराबाईंच्या टोपलीसमोर उभे राहत. हिराबाई नोट घेत आणि पाठ वळवून तांब्या तोंडाला लावत. गोळ्या पोटात गेल्याची खात्री होईपर्यंत काकांना हलायचे नसे. म्हणून घासाघीस लांबवावी लागे, आणि ती विद्या त्यांना अवगत नव्हती. एकदा मांदेलीकडे बोट दाखवून त्यांनी सुरमईचा भाव विचारला. एकदा तर हिराबाईंनी सांगितलेल्या भावापेक्षा जास्त भाव स्वतःच सांगून बसले. "दादा, तुमी नुसते उभे रावा," असे त्यांना अखेर बजावण्यात आले. भटाला मासळीची चटक लागली, अशी शेजारच्या कोळणींची खात्री पटली. त्या त्यांना मुद्दाम कालवणाची कृती विचारत, आणि काका माझ्याकडून पाठ करून नेलेली कृती गंभीरपणे सांगत.

मासळीची पिशवी काकांच्या लांब धरलेल्या हातातून दुकानात येई आणि माझ्याबरोबर आमच्या घरी जाई. माझी आई मालवणकडची. "मांदेली पुरे झाली म्हणावं. एखाद दिवशी पापलेट घेऊन बघा," असा तिचा काकांना निरोप असे.

मला या व्यवस्थेत वेळेचा निव्वळ अपव्यय दिसत होता. दुकान उशिरा उघडे, गिऱ्हाइके परत जात. तुमच्याऐवजी मी जाते, मला मासळी तरी कळते, असे मी एकदा सुचवले. काका बराच वेळ खण आवरत राहिले.

"काल मला जरा उशीर झाला," ते म्हणाले. "तर हिराबाई म्हणाल्या, कवाची वाट बघते." त्यांनी आणखी एक खण उघडून बंद केला. "मला उशीर झाला हे कुणाच्या ध्यानात येईल, याची सवयच राहिली नव्हती."

मी तो विषय पुन्हा काढला नाही.

हिवाळा सरता सरता उपचार पूर्ण झाले. छाती स्वच्छ असल्याचे डॉक्टरांनी सांगितले, त्या दुपारी हिराबाई ठेवणीतले लुगडे नेसून दुकानात आल्या आणि एक्स-रे त्यांनी काउंटरवर ठेवला. काकांनी तो उजेडाकडे धरून पुष्कळ वेळ पाहिला.

"उत्तम. आता गोळ्या बंद," ते म्हणाले. आवाजात आनंद होता. तो जरा लवकर संपला.

मग त्यांनी विचारले, टोपली उचलताना धाप लागते का. हिराबाई नाही म्हणाल्या. जिना चढताना? तेव्हाही नाही.

"अगदी थोडी? सकाळच्या वेळी?"

हिराबाईंनी एक्स-रे पिशवीत सरकवला आणि काकांकडे क्षणभर पाहिले.

"त्ये हितं बसून कसं सांगू, दादा?" त्या म्हणाल्या. "उद्या बाजारात येऊन बगा."